डी ड्राईव्ह म्हणजे बॅकअप नाही: डेस्कटॉपला जास्तीचे ड्राईव्ह लावून बॅकअप कसा बसवायचा

आपल्याकडे असेंबल केलेला पीसी घेतला की एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडूनच येतो, आणि मग वर्षानुवर्षं सवय अशी पडते की विंडोज सी मध्ये, फोटो डी मध्ये आणि "बॅकअप" नावाचा फोल्डर ई मध्ये. फॉरमॅट मारताना सी उडतो आणि डी वाचतो हे खरंय, म्हणून लोकांना वाटतं डी मध्ये टाकलं म्हणजे सेफ. पण तिन्ही एकाच डिस्कवर आहेत, ती डिस्क गेली की तिन्ही एकदमच जाणार. त्यामुळे सगळ्यात आधी हे बघा: स्टार्ट बटणावर राईट क्लिक, मग डिस्क मॅनेजमेंट. खालच्या भागात डिस्क ०, डिस्क १ अशा ओळी दिसतात. तुमचे सी, डी, ई सगळे डिस्क ० च्याच ओळीत असतील तर तुमच्याकडे बॅकअप नाहीये, एकाच डिस्कवर दोनदा ठेवलेल्या फाईली आहेत.

बॅकअप कशाला म्हणायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. मूळ फाईल ज्या कारणाने जाईल त्याच कारणाने कॉपी पण जात असेल तर ती कॉपी मोजायचीच नाही. आता कारणं बघा: डिस्क खराब होणं, चुकून डिलीट होणं, फाईल सेव्ह करताना बिघडणं, रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस), चोरी, आग, पाणी. दुसऱ्या ड्राईव्हवरची कॉपी पहिल्या कारणापासून वाचवते. डिलीट आणि बिघडलेल्या फाईलसाठी जुन्या आवृत्त्या लागतात. रॅन्समवेअरसाठी पीसीला न जोडलेला ड्राईव्ह लागतो, आणि चोरी-पाण्यासाठी घराबाहेर ठेवलेला. ३-२-१ म्हणून जो नियम सांगतात (पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरमुळे तो प्रसिद्ध झाला) तो हाच: डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली १ घराबाहेर.

इथेच रेडबद्दल (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) पण बोलून टाकतो, कारण दोन ड्राईव्ह म्हटलं की कोणीतरी रेड १ करा म्हणून सांगतंच. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, हा त्याचा फायदा. पण तुम्ही फाईल डिलीट केली की दोन्हीकडून त्याच क्षणी गेली, व्हायरसने लॉक केली की दोन्हीकडे लॉक झाली. ज्याचं काम तासभरही बंद ठेवून चालत नाही त्याने जरूर करावं, घरच्या पीसीला मात्र तेच दोन ड्राईव्ह वेगवेगळे वापरलेले कधीही चांगले.

मी इथे जो सेटअप सांगतोय तो असा: पीसीमध्ये एक एसएसडी (फिरणारे भाग नसलेला, चिपवर डेटा ठेवणारा ड्राईव्ह) आहे ज्यावर विंडोज आणि रोजचं काम आहे, डेटा सगळा मिळून एक टीबीच्या आत आहे. त्याला कॅबिनेटच्या आत एक २ टीबीची हार्ड डिस्क लावायची, तिच्यावर रोज आपोआप बॅकअप. आणि बाहेर दोन २ टीबीचे यूएसबी ड्राईव्ह, त्यातला एक घरी कपाटात, दुसरा दुसऱ्या घरी, आणि दोघांची अदलाबदल. एवढे पैसे एकदम काढणं जमत नसेल तर पहिला खर्च बाहेरच्या एका यूएसबी ड्राईव्हवर करा, आतली डिस्क नंतर आली तरी चालेल.

घेताना साईज डेटाच्या दुप्पट धरा कारण जुन्या आवृत्त्यांना जागा लागते. २ टीबीचा ड्राईव्ह विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसतो, त्यात फसवणूक काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. बॅकअपसाठी एसएसडीच पाहिजे असं काही नाही, फिरणारी साधी हार्ड डिस्क स्वस्त पडते आणि पुरते. उलट कपाटात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या कॉपीसाठी मी हार्ड डिस्कच घेईन, कारण एसएसडीला खूप काळ करंट मिळाला नाही तर आतला डेटा हळूहळू जाऊ शकतो. दोन्ही यूएसबी ड्राईव्ह शक्यतो वेगवेगळ्या कंपनीचे घ्या. एकाच दिवशी घेतलेले एकाच मॉडेलचे दोन ड्राईव्ह साधारण एकाच सुमाराला म्हातारे होतात, आणि मॉडेलमध्ये दोष निघाला तर दोन्हीत निघतो.

आतली डिस्क बसवणं अवघड नाही. पीसी बंद करा, मागचं एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) बटण बंद, प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा. साटा डेटा केबल मदरबोर्डला, साटा पॉवर एसएमपीएसमधून, चारही स्क्रू नीट कसा कारण ढिली डिस्क थरथरते. दोन गोष्टी मात्र बघा. काही मदरबोर्डवर एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडी थेट मदरबोर्डवर बसवायच्या खाचेत) एसएसडी असेल तर एखादा साटा पोर्ट बंद होतो, डिस्क दिसत नसेल तर आधी दुसऱ्या पोर्टला लावून बघा, मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. आणि एसएमपीएसला साटाची पिन शिल्लक नाही म्हणून स्वस्तातला मोलेक्स ते साटा कन्व्हर्टर (जुन्या चार पिनी पॉवर केबलला साटाची पिन करून देणारा) लावू नका, प्लास्टिक ओतून बनवलेले तसले कनेक्टर आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत.

पीसी चालू केल्यावर परत डिस्क मॅनेजमेंट. नवीन डिस्क इनिशियलाईज करायला विचारेल, जीपीटी निवडा (जुन्या एमबीआर पद्धतीला २ टीबीची मर्यादा आहे). मग काळ्या पट्टीच्या अनअलोकेटेड भागावर राईट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. हे करताना साईज बघून खात्री करा की तुम्ही नवीनच डिस्कवर आहात, इथे घाई करायची नाही. यूएसबी ड्राईव्हपण एनटीएफएसच करा, मॅकला लावायचा असेल तरच एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल जातच नाही आणि लग्नाच्या व्हिडिओची एक फाईल सहज त्याच्या वर जाते.

आता नावं. ड्राईव्हला "न्यू व्हॉल्यूम" असं ठेवू नका, नावावरून काम कळलं पाहिजे. मी आतल्याला "रोजचा" आणि बाहेरच्यांना "घर" आणि "बाहेर" अशी नावं देतो, आणि बाहेरच्या दोघांवर तेच नाव मार्करने पण लिहितो. लेटर पण शेवटचे द्या, एक्स, वाय, झेड वगैरे, कारण पेन ड्राईव्ह लावला की तो पहिला मोकळा लेटर पकडतो आणि मग उद्या तुमचा बॅकअप ड्राईव्ह दुसऱ्याच लेटरवर येतो आणि ठरलेलं काम चालत नाही.

कशाचा बॅकअप घ्यायचा, इथे लोक सगळ्यात जास्त सोडून देतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप, डाऊनलोड्स हे तर झालंच, डेस्कटॉप तर नक्कीच, कारण अर्ध्या लोकांचं सगळं काम तिथेच पडलेलं असतं. पण त्याशिवाय काय काय आहे? टॅली वापरत असाल तर टॅलीचा डेटा तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये नसतो, टॅलीच्या आत डेटा पाथ कुठला दाखवतोय ते बघून तो फोल्डर यादीत घाला. आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाईल (जिच्यात मेल साठवलेली असते) कुठे आहे ते शोधा. आणि जे कोणी डीटीपीचं काम करतात, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका, त्यांच्यासाठी फॉन्ट. पेजमेकर आणि कोरलड्रॉमधल्या जुन्या फाईली श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत, आणि तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडते पण आत मराठी नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. फाईल वाचली आणि फॉन्ट गेला तर ती अर्धीच वाचली. फॉन्ट दोन ठिकाणी असतात हे लक्षात ठेवा, एक विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर, आणि दुसरा, विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून एकट्या युजरसाठी टाकलेले फॉन्ट ॲपडेटाच्या आत लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असे जातात. दोन्ही घ्या. फॉन्टचा सेटअप आणि लायसन्सची माहिती पण एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि महत्त्वाच्या कामांची पीडीएफ करून ठेवायची सवय लावा, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो.

जे घ्यायचं नाही ते पण ठरवा: डाऊनलोड केलेले सिनेमे, गेमचे सेटअप, विंडोजच्या टेम्प फाईली. जे परत मिळतं त्याला जागा देऊ नका.

आता मुख्य काम. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे विंडोजमध्येच असलेली फाईल हिस्टरी, कंट्रोल पॅनेलमध्ये मिळते, विंडोज ८ पासून आहे. ड्राईव्ह निवडा, टर्न ऑन करा, बास, दर तासाला बदललेल्या फाईलींची नवीन आवृत्ती जमा होत जाते. अडचण एवढीच की ती लायब्ररी, डेस्कटॉप असे ठराविकच फोल्डर घेते, बाकीचा कुठला फोल्डर घ्यायचा असेल तर त्याला आधी लायब्ररीत घालावं लागतं. घरात आईबाबांच्या पीसीवर मी हेच लावून देईन, कारण त्यांना परत काही बघावं लागत नाही.

ज्यांना हाताशी कंट्रोल पाहिजे त्यांनी फ्रीफाईलसिंक (दोन फोल्डर ताडून एकसारखे ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरा. घरगुती वापराला फुकट आहे, धंद्यासाठी वापरणार असाल तर लायसन्सच्या अटी वाचून घ्या. मला ते आवडतं कारण बॅकअप साध्या फाईलींच्याच रूपात राहतो, उद्या ते सॉफ्टवेअर नसलं तरी कुठल्याही पीसीला ड्राईव्ह लावून फाईल उघडता येते. "रोजचा" ड्राईव्हवर आधी दोन फोल्डर करा, एक "आरसा" आणि एक "जुनं". फ्रीफाईलसिंकमध्ये डावीकडे मूळ फोल्डर, उजवीकडे "आरसा"च्या आतला फोल्डर. एकापेक्षा जास्त जोड्या लावता येतात, प्रत्येक मूळ फोल्डरला एक. मग हिरव्या गिअरवर क्लिक करून सिंकचा प्रकार मिरर निवडा. मिरर म्हणजे डावीकडे जसं आहे तसंच उजवीकडे, डावीकडे नसलेली फाईल उजवीकडून पण काढणार. म्हणूनच त्याच खिडकीत डिलीटच्या जागी व्हर्जनिंग निवडायचं आणि तिथे "जुनं" फोल्डरचा पाथ द्यायचा, नाव देण्याची पद्धत टाईम स्टॅम्प. आता तुम्ही एखादी फाईल डिलीट केली किंवा बदलली की तिची आधीची प्रत तारीख-वेळ लावून "जुनं" मध्ये जाते. किती दिवसांचं ठेवायचं ते पण तिथेच ठरवता येतं, जागा असेल तर ९० दिवस ठेवा, कारण फाईल बिघडलीय हे बऱ्याचदा महिन्या-दोन महिन्यांनी कळतं. "जुनं" हा फोल्डर "आरसा"च्या आत ठेवू नका, शेजारी ठेवा.

पहिल्यांदा चालवताना थेट सिंक दाबू नका. आधी कम्पेअर दाबा आणि मधली यादी वाचा, बाण सगळे डावीकडून उजवीकडे आहेत ना, आणि काढून टाकायच्या फाईलींचा आकडा किती आहे. पहिल्या वेळी तो शून्यच पाहिजे. शून्य नसेल तर डावं-उजवं उलटं झालंय, आणि उलटा मिरर म्हणजे रिकामा ड्राईव्ह तुमच्या भरलेल्या फोल्डरवर कॉपी होणं. हे एवढं एकच ठिकाण आहे जिथे बॅकअप सॉफ्टवेअर स्वतः तुमचा डेटा घालवू शकतं, त्यामुळे इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

सगळं बरोबर दिसलं की ते बॅच जॉब (हीच सेटिंग्ज एका क्लिकमध्ये परत चालवणारी फाईल) म्हणून सेव्ह करा, रन मिनिमाईज्ड आणि ऑटो क्लोजवर टिक. मग स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधा, क्रिएट बेसिक टास्क, रोज, वेळ अशी द्या की पीसी नक्की चालू असतो पण टॅली बंद असतं, जेवणाची वेळ बरी पडते. प्रोग्रॅमच्या जागी फ्रीफाईलसिंक, आर्ग्युमेंटच्या जागी बॅच फाईलचा पाथ, अवतरण चिन्हात. टास्क झाला की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सेटिंग्ज टॅबमध्ये "वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव" अशा अर्थाचा चेकबॉक्स आहे तो टिक करा. हा डिफॉल्टला बंद असतो, आणि आपल्याकडे तोच सगळ्यात गरजेचा, कारण महावितरणचा मेंटेनन्सचा दिवस असला किंवा त्या वेळी लाईट गेली की त्या दिवसाचा बॅकअप तसाच राहून जातो. लाईटवरून आठवलं, डेस्कटॉपला यूपीएस लावाच, छोटा का असेना. ड्राईव्हवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर फाईल अर्धवट राहते, कधीकधी ड्राईव्हची फाईल सिस्टिमच बिघडते.

बाहेरच्या दोन्ही यूएसबी ड्राईव्हसाठी तशाच वेगवेगळ्या बॅच फाईली करा पण शेड्युल करू नका, त्या हाताने चालवायच्या. रविवारी ड्राईव्ह लावा, चालवा, सेफली रिमूव्ह करा, काढून कपाटात. ड्राईव्ह कायम लावून ठेवायचा मोह होतो, पण मग त्याचा उपयोगच संपतो, कारण रॅन्समवेअर जोडलेल्या प्रत्येक ड्राईव्हमध्ये घुसून फाईली लॉक करतं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं स्टॉप किंवा डिजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर घरगुती पीसींवर असंच पसरलं, आणि आपल्याकडे क्रॅक टाकणं किती कॉमन आहे ते तुम्हाला माहितीच आहे. त्याला कपाटातल्या ड्राईव्हला हात लावता येत नाही. पहिला बॅकअप निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावूनच घ्या, मोठ्या फाईली असतील तर एक टीबीला साधारण अडीच-तीन तास लागतात, काळ्या यूएसबी २ पोर्टला तेच आठ तासांच्या घरात जातं. केबिनेटच्या पुढचा पोर्ट गडबड करत असेल तर मागचा वापरा. दोन्ही बाहेरच्या ड्राईव्हचा लेटर कधी बदलला तरी चालावं म्हणून फ्रीफाईलसिंकमध्ये लेटरच्या ऐवजी चौकोनी कंसात ड्राईव्हचं नाव लिहिता येतं, तसं लिहा.

"बाहेर" नावाचा ड्राईव्ह दुसऱ्या घरी ठेवायचा, बहिणीकडे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, बँकेच्या लॉकरमध्ये, कुठेही, पण त्याच बिल्डिंगमध्ये नको. मुंबईत २६ जुलै २००५, सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९, चिपळूणला जुलै २०२१, पाणी घरात शिरलं तेव्हा पीसी आणि कपाट एकाच खोलीत असलेल्यांचं दोन्ही एकदमच भिजणार हे उघड आहे. महिन्यातून एकदा घरचा तिकडे न्या आणि तिकडचा घरी आणा (नावं नुसती ओळखायला, अदलाबदल झाली की "घर" तिकडे आणि "बाहेर" घरी असेल). पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ड्राईव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आणि ड्राईव्ह घराबाहेर जाणार म्हणजे त्यावर पासवर्ड पाहिजे, आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं त्यात असतात. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (विंडोजमधलंच ड्राईव्हला कुलूप लावणारं टूल), होम असेल तर व्हेराक्रिप्ट. पासवर्ड कागदावर लिहून ड्राईव्हपासून वेगळ्या जागी ठेवा आणि घरात अजून एका माणसाला ती जागा माहिती पाहिजे.

बिटलॉकरवरून अजून एक. नवीन विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन केलं की मुख्य ड्राईव्ह बऱ्याचदा न विचारता एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद) झालेला असतो. सेटिंग्जमध्ये डिव्हाईस एन्क्रिप्शन बघा, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाऊंटमधून काढून प्रिंट करून ठेवा. मदरबोर्ड बदलला की ती मागते, आणि नसेल तर त्या ड्राईव्हवरचं काहीच उघडत नाही.

हे झालं फाईलींचं. विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर जशीच्या तशी परत पाहिजे असतील तर सिस्टिम इमेज (अख्ख्या ड्राईव्हची जशीच्या तशी प्रत) लागते. मॅक्रियम रिफ्लेक्ट या इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती कंपनीने बंद केली, विंडोजमधलं जुनं सिस्टिम इमेज टूल अजून दिसतं पण मायक्रोसॉफ्टनेच त्यावर काम करणं सोडलंय, त्यामुळे मी वीम एजंटची फुकट आवृत्ती सुचवेन. "रोजचा" ड्राईव्हवर एक वेगळा फोल्डर देऊन आठवड्यातून एकदा लावा. त्याचाच रिकव्हरी पेन ड्राईव्ह करायला विसरू नका आणि करून झाल्यावर त्यावरून पीसी एकदा बूट करून बघा, इमेज आहे पण बूट करायला काही नाही अशी वेळ येऊ नये.

क्लाऊडचं थोडक्यात: गुगलचे फुकट १५ जीबी जीमेल, फोटो आणि ड्राईव्ह मिळून असतात, वनड्राईव्हचे ५. कागदपत्रांना ठीक, फोटोंना पुरत नाहीत. आणि सिंक म्हणजे बॅकअप नाही, पीसीवरून डिलीट केलेली फाईल क्लाऊडवरून पण जाते, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते आणि मग संपली.

महिन्यातून एकदा, अदलाबदलीच्याच दिवशी, दोन कामं. एक, क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राईव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून सगळ्या ड्राईव्हचा रंग बघा. निळा म्हणजे ठीक. पिवळा कॉशन दिसला, विशेषतः रिअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जागांचा) आकडा वाढत चाललाय असं दिसलं, तर त्या ड्राईव्हवर विश्वास ठेवू नका, डेटा हलवा आणि नवीन घ्या. एसएसडी मात्र कधीकधी काहीच न सांगता एकदम बंद पडते. दोन, बॅकअपमधून खरंच फाईली उघडून बघा. दोन-चार फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक पेजमेकरची फाईल, आणि टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून. वर्षातून एकदा फ्रीफाईलसिंकची तुलना "फाईल कंटेंट" वर ठेवून पूर्ण चालवा, ते प्रत्येक फाईल आतून वाचून ताडून बघतं, रात्रभर लागेल पण कुठली फाईल गुपचूप बिघडलीय ते कळतं. तिथे फरक दिसला की लगेच सिंक दाबू नका, आधी दोन्हीकडची फाईल उघडून बरोबर कुठली आहे ते बघा.

आणि खरंच गरज पडली तर काय करायचं? मुख्य ड्राईव्ह नुसता मेला असेल तर नवीन लावा, रिकव्हरी पेन ड्राईव्हने इमेज टाका, मग "आरसा" मधून ताज्या फाईली. चुकून डिलीट झालं असेल तर "जुनं" मध्ये तारीख बघून घ्या. पण फाईलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचे .jpg वगैरे) बदललेली आणि पैसे मागणारी टेक्स्ट फाईल दिसली तर नेटची केबल काढा, पीसी बंद करा, आणि काही झालं तरी बाहेरचा ड्राईव्ह त्या पीसीला लावू नका. त्या दिवशीचा रोजचा बॅकअप पण चालू देऊ नका. दुसऱ्या चांगल्या पीसीवर विंडोजचा पेन ड्राईव्ह बनवा, मूळ एसएसडी पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाका, "रोजचा" ड्राईव्हची साटा केबल तोपर्यंत काढून ठेवा, सगळी अपडेट होऊ द्या, अँटिव्हायरस चालू आहे ते बघा, क्रॅक परत टाकू नका. मगच त्या वेळी घरी असलेला यूएसबी ड्राईव्ह लावा आणि त्यातून कॉपी करा, आणि ती कॉपी पूर्ण होऊन फाईली उघडताहेत हे बघेपर्यंत दुसरा ड्राईव्ह बहिणीकडेच राहू द्या.